हॉकीची स्टिक आणि दप्तर

आपल्या शाळेच्या मुलांमध्ये सध्या एका प्रश्नाची चर्चा आहे. टीव्हीवर आणि मोबाईलवर मुलांनी बर्फावरची हॉकी पाहिली. कॅनडा-अमेरिकेतले खेळाडू कोट्यवधी कमावतात हेही त्यांनी वाचले. मग प्रश्न आला, ‘खेळून पोट भरता येते का? आम्ही हॉकीपटू व्हायचे ठरवले तर शाळा आणि आईवडील काय म्हणतील?’ प्रश्न मुलांचा असला तरी उत्तर मोठ्यांनी द्यायचे आहे. या वर्षी ते टाळून चालणार नाही, कारण विश्वस्त मंडळापुढे नव्या वर्गखोल्यांचा विषय आहे आणि त्यांच्यासाठी मैदानाची अर्धी जागा घ्यावी असे एक मत आहे. त्या मतावर निर्णय होण्यापूर्वी आम्हाला जे वाटते ते येथे मांडत आहोत.

प्रथम त्या बर्फावरच्या हॉकीविषयी. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग ही संस्था 1917 साली स्थापन झाली. आज तिच्यात 32 संघ आहेत. मैदानावर एका वेळी एका संघाचे सहा खेळाडू असतात, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात, आणि दमछाक एवढी की खेळाडू पाऊण-एक मिनिट खेळून बाहेर येतो व दुसरा आत जातो. 2025-26 च्या हंगामात या लीगमधील सर्वांत कमी वार्षिक वेतन पावणेआठ लाख डॉलर होते. हा आकडा ऐकून डोळे दिपतात. पण दुसराही आकडा पाहा. प्रत्येक संघाच्या यादीत जास्तीत जास्त 23 खेळाडू. 32 गुणिले 23 म्हणजे 736. जगभर लाखो मुले पाच-सहा वर्षांची असल्यापासून बर्फावर धावतात, आणि सर्वांत वरच्या पायरीवर जागा आहेत एवढ्याच! तेथेही सगळे सुखाचे नाही. मालक व खेळाडू यांच्यातील वेतनाच्या वादात 2004-05 चा संपूर्ण हंगाम रद्द झाला होता. एक वर्ष खेळच नाही. ज्याची उमेद दहा वर्षांची, त्याचे एक वर्ष म्हणजे दहावा हिस्सा गेला.

या लीगमध्ये भारतीय वंशाचे खेळाडूही होऊन गेले. मॅनी मल्होत्रा हे त्यांपैकी एक. वडील भारतीय, आई फ्रेंच-कॅनेडियन. 1998 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, न्यूयॉर्क रेंजर्स या संघाने त्यांना सातव्या क्रमांकावर निवडले. पुढे वेगवेगळ्या संघांकडून ते जवळजवळ एक हजार सामने खेळले. मार्च 2011 मध्ये सामन्यात रबराची चकती डाव्या डोळ्यावर बसली आणि त्या डोळ्याची दृष्टी बहुतांश गेली. तरी त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत ते पुन्हा मैदानात उतरले आणि पुढेही काही वर्षे खेळले. पण आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील मोठी गोष्ट त्यानंतरची आहे. खेळ थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले, आणि 2025 मध्ये त्यांच्या ॲबॉट्सफोर्ड संघाने काल्डर चषक जिंकला. खेळाडूचे आयुष्य दोन डावांचे असते. पहिला डाव सगळे जग पाहते. दुसऱ्याची तयारी मात्र पहिला चालू असतानाच करावी लागते.

कॅनडा फार दूर झाला. आपल्या देशात बर्फाची हॉकी लडाखमध्ये खेळली जाते, थंडीत गोठलेल्या तळ्यांवर. भारतीय महिलांचा संघ 2016 मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तोही लोकांनी जमवलेल्या वर्गणीच्या आधाराने. 2017 मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सला 4-3 असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला, आणि 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक आणले. या मुलींना कोणी लाखो डॉलर दिले नाहीत. आमच्याकडे साधने नाहीत असे म्हणण्यापूर्वी आपण त्यांची आठवण ठेवावी.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उभे राहिले की उत्तरेकडे जाणारी गाडी इटारसीला जाते. त्या इटारसीजवळच्या चांदोन गावचा विवेक सागर प्रसाद. जन्म 25 फेब्रुवारी 2000. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. म्हणजे आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांसारखेच घर! मुलाने शिकून इंजिनिअर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. विवेक बारा-तेरा वर्षांचा असताना अकोल्याच्या एका स्पर्धेत खेळत होता. तेथे अशोककुमार यांनी त्याला हेरले. हे अशोककुमार म्हणजे मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव, 1975 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे. त्यांनी त्याला भोपाळच्या मध्य प्रदेश हॉकी अकादमीत आणले.

इथपर्यंतची कथा मुलांना पाठ असते. पुढची सांगितली जात नाही. 2015 मध्ये सरावात विवेकचे खांद्याजवळचे हाड मोडले, त्यातून प्रकृती फार बिघडली आणि जगतो की नाही अशी वेळ आली. त्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दहावीच्या मुलाएवढा. तो उठला, पुन्हा धावू लागला, आणि जानेवारी 2018 मध्ये अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच भारताच्या मुख्य संघाकडून खेळला. त्याच वर्षी युवा ऑलिंपिकमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताला रौप्यपदक मिळाले. ऑगस्ट 2021 मध्ये भारतीय पुरुष संघाने टोकियोत कांस्यपदक जिंकले, 41 वर्षांनी हॉकीचे ऑलिंपिक पदक देशात आले, आणि त्या संघात विवेक होता. गटातील अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यात त्याचा गोलही होता. राज्य सरकारने एक कोटी रुपये व पोलीस उपअधीक्षकाचे पद जाहीर केले. 2024 मध्ये पॅरिसला त्याने दुसरे कांस्यपदक मिळवले.

म्हणजे खेळून पोट भरते, मानही मिळतो. पण कोणाचे? ऑलिंपिकच्या संघात 16 खेळाडू असतात. हॉकी इंडिया लीग 2013 मध्ये सुरू झाली, 2017 नंतर बंद पडली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. मधली सात वर्षे लीग नव्हती. त्या सात वर्षांत ज्यांची ऐन उमेद होती, त्या खेळाडूंचा दोष काय? 2024-25 च्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते, प्रत्येक संघात 16 भारतीय, म्हणजे साऱ्या देशातून 128 जण. त्या लिलावात सर्वांत जास्त बोली हरमनप्रीत सिंगवर लागली, 78 लाखांची. बाकीच्या पुष्कळांच्या वाट्याला त्याहून फार कमी आले. मुलांनी 78 लाखांचा आकडा लक्षात ठेवावा, 128 चाही ठेवावा.

बरे, वर पोचलेल्यांनाही सगळे मिळते असे नाही. पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले यांचे नाव कोणाला माहीत नाही? वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करीत. भावंडे तुटक्या स्टिका बांधून खेळली. 1989 ते 2004 या काळात चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, 339 आंतरराष्ट्रीय सामने! 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. आणि त्यानंतर लगेच धनराज यांच्यासह त्या विजयी संघातील सात जणांना वगळण्यात आले. खेळाडूंच्या मानधनाची मागणी हे त्यामागचे कारण असल्याची तेव्हा देशभर चर्चा झाली. एवढा मोठा खेळाडू, पण गळ्यात ऑलिंपिक पदक पडले नाही. तरी त्यांचे नाव घेतल्याशिवाय भारतीय हॉकीचा इतिहास लिहिता येत नाही. यश आणि पदक या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे आपल्या मुलांना धनराज यांच्याइतके कोण शिकवील?

आणखी एक नाव सांगण्याजोगे आहे. झाशीचे तुषार खांडेकर. आडनाव ऐकूनच आपलेसे वाटते, कारण झाशीतही आपल्यासारखीच उत्तरेत रुजलेली मराठी आडनावे आहेत. ते भारताच्या आघाडीच्या फळीत खेळले. त्यांच्या ऐन उमेदीत, 2008 साली, भारत ऑलिंपिकसाठी पात्रच ठरला नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तर संघ सगळे सामने हरून बारावा, म्हणजे शेवटचा आला. एखादा निराश होऊन घरी बसला असता. खांडेकरांना भारत पेट्रोलियमसारख्या संस्थेचा आधार होता, पुढे त्यांनी प्रशिक्षणाचा रस्ता धरला आणि भारताच्या कनिष्ठ महिला संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. ही कथा पेपरात मोठ्या अक्षरात येत नाही. पण आमच्या मते पालकांनी विवेक सागरच्या कथेइतकीच ती वाचावी, कारण बहुतेक चांगल्या खेळाडूंचे आयुष्य याच वळणाने जाते. नोकरी देणारी एखादी संस्था, खेळात मिळवलेले ज्ञान आणि ते दुसऱ्याला देण्याची तयारी, या आधारावर ते उभे राहते.

आपण संत्र्याच्या मुलखातली माणसे. कलम लावले की पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरते आणि नीट राखले तर पुढे कितीतरी वर्षे बहार येत राहतो. खेळाडूचे झाड वेगळे. त्यालाही दहा-बारा वर्षे पाणी घालावे लागते, पण बहार दहाच वर्षांचा, आणि तिशी-पस्तिशीत तो संपतो. इतर मुलांचे काम जेव्हा सुरू होऊन रुळू लागते, तेव्हा याचे थांबते. हे ज्या पालकाला कळले, तो मुलाला अडवणारही नाही आणि त्याचे दप्तरही माळ्यावर टाकणार नाही.

आमच्याकडे दोन टोकाचे पालक भेटतात. एक म्हणतात, ‘खेळाने काय होते? पेपर सोडव.’ दुसरे, मुलाने तालुक्याच्या स्पर्धेत दोन गोल केले की त्याला विवेक सागर समजू लागतात आणि नववीतच शाळेला रामराम करायला निघतात. दोघांचेही मुलावर प्रेम आहे, यात शंका नाही. पण पहिल्यांच्या घरी मुलाचे अंगचे बळ वाया जाते आणि दुसऱ्यांच्या घरी त्याचे उद्याचे आयुष्य पणाला लागते. मुलात खरोखर किती गुण आहे हे मामा-काकांनी ठरवू नये. ते बाहेरच्या जाणत्या प्रशिक्षकाने आणि समोरच्या तगड्या संघाने ठरवावे. भोपाळला मुलांसाठी आणि ग्वाल्हेरला मुलींसाठी राज्याची हॉकी अकादमी आहे. तेथे निवड चाचण्या होतात. चाचणी द्यावी, निकाल मोकळ्या मनाने घ्यावा. निवड झाली तर आनंदाने पाठवावे, पण दहावी-बारावीची परीक्षा सोडणार नाही हा शब्द आधी मुलाकडून घ्यावा. निवड झाली नाही तर मुलाला टोमणे मारू नयेत. संध्याकाळचा खेळ तरीही चालूच राहावा.

काही जण म्हणतील, आपल्याकडे कृत्रिम गवताचे मैदान नाही, मग हॉकीच्या गोष्टी कशाला? आक्षेप खोटा नाही. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि त्याच वर्षी भारत सातव्या क्रमांकावर घसरला. मातीवर शिकलेल्या मुलाला त्या मैदानावर चेंडूचा वेग नवा वाटतो. असे मैदान शाळेच्या ऐपतीबाहेरचे आहे. पण धावणे, वाकणे, पास देणे, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे, हे सगळे मातीवरच शिकता येते. पक्के मैदान पुढे अकादमीत मिळेल, परंतु अकादमीपर्यंत जाणारे पाय आपल्या मातीवरच तयार व्हायचे आहेत. माती नसेल तर पुढचे काहीच नाही.

म्हणून विश्वस्तांना आमची कळकळीची विनंती आहे. वर्गखोल्या लागतात हे आम्ही जाणतो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. गावे वाढणार, शाळांत मुले वाढणार. पण खोल्या वरच्या मजल्यावर बांधता येतात, मैदान वरच्या मजल्यावर नेता येत नाही. एकदा गेलेले मैदान परत आलेले आम्ही कोठे पाहिलेले नाही. आपल्या मुलांच्या अंगात जोर किती आहे हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठावर सगळ्यांना दिसते. परंपरा परंपरेच्या जागी राहो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या जोराला वाट मिळाली पाहिजे, आणि ती शाळेच्या मैदानाएवढी चांगली दुसरी कोणती?

आमच्या मागण्या थोड्या आहेत. मैदानाला हात लावू नये. खेळाचा तास परीक्षेच्या आधी गणिताला देऊ नये. दिलाच तर परत करावा. स्पर्धेला गेलेल्या मुलाची घटक चाचणी नंतर घ्यावी आणि बुडालेला अभ्यास भरून काढायला एखाद्या शिक्षकाने त्याला वेळ द्यावा. अकादमीतून दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने परतलेल्या मुलाला त्याच्या वर्गात पुन्हा जागा मिळावी, त्याला कोणी ‘परत आलेला’ म्हणून हिणवू नये. हॉकी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला पॅड आणि तोंडात दातांचे रक्षक असल्याशिवाय सामना सुरू करू नये. मल्होत्रांच्या डोळ्याची गोष्ट त्यासाठीच सांगितली. आणि मुलींना मैदान मुलांइतकाच वेळ मिळावा. सध्या मुले खेळून झाल्यावर उरेल तो वेळ त्यांच्या वाट्याला येतो.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्या प्रश्नाचे उत्तर. होय, खेळून पोट भरता येते. पण फार थोड्यांचे, आणि फार थोडी वर्षे. त्या थोड्यांत आपण असू की नाही हे आज कोणालाच सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. म्हणून पहाटे उठून धावा, संध्याकाळी अंधार पडेपर्यंत खेळा, आणि रात्री दिव्याखाली पुस्तक उघडा. एका हातात स्टिक आणि दुसऱ्या खांद्यावर दप्तर घेऊन चालणारा मुलगा किंवा मुलगी सावकाश चालेल कदाचित, पण रस्त्यात अडणार नाही. पालकांनी त्याला धीर द्यावा आणि विश्वस्तांनी त्याचे मैदान राखावे. मंडळाची बैठक होईल तेव्हा आमचे हे म्हणणे टेबलावर असावे, एवढीच अपेक्षा.